माहेरच्या वावरातला बोअर

मु. धामणदरी, ता. मालेगाव (नाशिकजवळचं नव्हे)
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

हरीओम,

तू फोन उचलत नाही म्हणून कागद घेतला. फोन वाजून वाजून बंद होते अन् मंग ती बाई बोलते की उत्तर मिळून नाही राह्यलं. तिले म्या दोनदा सांगतलं की बाई, मी त्याची माय आहे. तिले काय त्याचं. कागद मात्र कट करता येत नाही. फाडायचा असन तर आधी वाच, मंग फाड.

माहं शिक्षण तिसरीपर्यंत, तुले माहीतच आहे. काना-मात्रा चुकन. वैभवीची एक अर्धी कोरी वही सापडली, त्यातलीच पानं घेतली. कोणाले लिहून राह्यली ते तिले सांगतलं नाही. ती समजते आजी रामनाम लिहिते. समजू दे.

तर तुही पोरगी इथं आली त्याले आता चार महिने झाले. तुले वाटत असन वाळली असन. नाही. गालाले रंग आला, ज्वारीची भाकर दीड खाते, अन् सकाळी सहाले प्लांटवर हजर. प्लांट म्हणजे गावचा गॅसचा प्लांट. तू गेला तेव्हा हिरीबाईच्या गोठ्यामागं उकिरडा होता, तिथंच. आता तिथं दोन मोठ्या टाक्या आहेत, वर रबराचा फुगा. सगळ्या गावचं शेण तिथं जाते, संगं सोयाबीनचं कुटार-भुसा. चाळीस घरी पाइपानं गॅस येते. माह्याही घरी येते. चहा ठेवून गल्लीतल्या लिलाबाईले एक गोष्ट सांगाले बसलं तर गोष्ट अर्धी राह्यते अन् चहा उतू जाते.

प्लांट संघपाल चालवते. देवमनचा मोठा पोरगा, तुह्याच वर्गात होता. त्याच्या हाताखाली तुही पोरगी टाकी उघडाले शिकली, अन् तिच्याजवळून तो मीटर वाचाले शिकला.

आता खरी गोष्ट. वैभवीनं मले समजावली तशी सांगते. माह्या डोक्यात गेली म्हणजे तुह्याही जाईन. शेणातून जो गॅस निघते त्याच्यात दोघं राह्यतात. एक जळते, त्याच्यावर आपला चहा होते. दुसरा जळत नाही, नुसता जागा अडवून बसते. त्याले कार्बन डायऑक्साइड म्हणतात. आमी न-जळणारा म्हणतो. प्लांटवर एक उंच नळकांडं आहे, त्यात वरून पाणी पडते, खालून दाबानं गॅस येते. न-जळणारा पाण्यात विरघळते अन् चांगला गॅस वरून निघते. खाली उरते ते पाणी म्हणजे निव्वळ सोडा, मालेगावच्या बाजारात गोटी फोडून देत तसा, फेसासकट. मी चाखून पाहणार होती. संघपालनं हात धरला.

आजवर त्या पाण्यातून तो वायू हवेत उडून जाये. तुही पोरगी म्हणते, उडू द्यायचा नाही. आपल्या जिल्ह्याखाली काळा दगड आहे, हजार फूट, दीड हजार फूट, भाकरीच्या चवडीसारखा थरावर थर. त्यात खोल बोअर मारून हा सोडा खाली सोडायचा. तिथं तो न-जळणारा दगडासंगं मिळते अन् स्वतःच दगड होऊन जाते. कायमचा. किती वर्षांत, म्या विचारलं. ते इथला दगडच सांगन, म्हणे, म्हणूनच करून पाहायचं आहे.

कायले एवढा उपद्व्याप, हेही विचारलं. ती म्हणे, आजी, तुरीनं अन् सोयाबीननं हा वायू हवेतून ओढला, गुरानं कुटार खाल्लं, शेणात आला. परत हवेत सोडला तर जिथल्या तिथं. खाली गाडला तर हवेतून तेवढा कमी झाला, नेहमीसाठी. अन् एका गावानं काय होते? एका गावानं काहीच होत नाही आजी, पण पहिला बोअर कोणत्यातरी गावाले मारा लागते. हे बोलताना तिचं तोंड तुह्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तुहं होतं तसं झालं. मले लय बरं वाटलं.

बोअरची मशीन नागपूरच्या संस्थेजवळून येणार आहे. मार्चमंधी एक महिना इथं, मंग दुसऱ्या जिल्ह्यात. जागा ठरली ती तुह्या नावचा माळ. प्लांटाजवळ आहे, अन् तिथं तुह्या बापानं तीन वर्षं करडी पेरून पाह्यली, बियाणंही परत आलं नाही. त्याच्यासाठी तुही सही पायजे. सही नाही तर मशीन येत नाही, अन् तिचं काम दुसऱ्या गावात जाते.

पोरगी तुले मागणार नाही. ती तुह्यावरच गेली. म्हणून मी मागून राह्यली. कागद संगं जोडला आहे, जिथं पेन्सिलची फुली आहे तिथं सही कर.

आई

गुरुवार, २७ फेब्रुवारी

हरीओम,

तुहं उत्तर पोचलं. मले लिहायचं सोडून तू रामरावले फोन केला. रामराव तुहा चुलत काका आहे, मान्य, पण माह्या कागदाचं उत्तर त्याच्या तोंडून ऐकलं म्हणजे उत्तराले रामरावच्या तंबाखूचा वास आला. तो ओट्यावर उभा राहून सांगे, "वैनी, हरीओम म्हणते, माह्या जमिनीत विष गाडू देणार नाही. पोरीले म्हणा, नाशिकले ये नाहीतर पुण्यातली नोकरी परत धर." मी म्हटलं, निरोप पोचला, आता चहा घ्या. घेतला. त्याच गॅसवरचा.

तुहा राग मले समजत नाही असं समजू नको. हातापायाले शेणाचा वास येते म्हणून तू मालेगावच्या शाळेत मागच्या बाकावर बसे. गावातून निघाला तेव्हा म्हणला होता, माहं लेकरू शेणाले हात लावणार नाही. तिले इंजिनिअर केलं. अन् ती इंजिनिअर होऊन त्याच शेणापाशी आली, ते तुले टोचते. पण बाबू, तिले कोणी ढकललं नाही. तू शेणातून पळाला, ती शेणाकडं चालत आली. दोन्हीत फरक आहे.

विष म्हणशील तर पाणी तेच, वायू तोच जो आपण नाकातून सोडतो. तू ह्या क्षणी सोडून राह्यला.

असो. सही नको. म्या विचार केला. माहेरचं वावर माह्या नावानं आहे. माह्या बापाले पोरगा नव्हता, त्यानं बांधापलीकडचं आपलं वावर मलेच लिहून देलं, ते तुह्या बापाच्या नावावर कधी गेलंच नाही. काळी जमीन, गावातली सगळ्यात चांगली, अन् मंधात विहीर, जिथून अर्धं गाव उन्हाळ्यात पाणी नेते. प्लांटापासून तुह्या माळापेक्षा थोडी लांब, पण पाइप जाते. वैभवीले सांगतलं तेव्हा ती म्हणे, नको आजी, तुझी विहीर आहे तिथं, लोक घाबरतील. मी म्हटलं, म्हणूनच तिथं. दुसऱ्याच्या माळावर मारलं तर लोक म्हणतील, बुढीचं काय जाते. माह्याच विहिरीजवळ मारलं तर समजन की काय समजून मारलं.

परवा वैभवीसंगं मालेगावले जाऊन बोअरच्या परवानगीचा कागद केला. साहेबानं अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढं सरकवलं. म्या परत सरकवलं. पुरं नाव लिहिलं, गोजराबाई मारोतराव, साहेब घड्याळ पाहेपर्यंत. मंग स्टँडवर आमी दोघींनी कचोरी खाल्ली.

आई

गुरुवार, ३ एप्रिल

हरीओम,

बोअर झाला. बाराशे दहा फूट.

पंचवीस दिवस मशीन चालली, माह्या खाटेपर्यंत जमीन थरथरे. मी रोज खुर्ची घेऊन तिथं बसे. मशीनवाले पोट्टे पहिले हसत, मंग माह्यासाठी सावली पाहून ताडपत्री बांधत. खालून दगडाचे लांब लांब तुकडे निघाले, लाटण्याएवढे जाड, काळे कुळकुळीत. त्यात बारीक पोकळ्या. काही रिकाम्या, काही पांढऱ्या दगडानं गच्च भरलेल्या. वैभवीनं एक तुकडा माह्या मांडीवर ठेवला अन् म्हणे, आजी, ह्या पोकळ्या कधीकाळी आपोआप भरल्या. तेच काम आता आपण मुद्दाम करायचं. माह्या वावराखाली एवढं काही आहे, सत्तर वर्षं त्याच्यावर चालली अन् मले ठाऊक नव्हतं.

परवापासून सोडा खाली जाऊन राह्यला. पाइपाले कान लावला तर सूं असा आवाज येते. वरच्या सहाशे फुटापर्यंत लोखंडी पाइप अन् भोवती सिमेंट, म्हणजे विहिरीच्या पाण्याले शिवत नाही. तरी पोरगी दर सोमवारी विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासते.

गावात कुरकुर आहे. रामराव पारावर म्हणते, प्यायले पाणी नाही अन् हे लोक पाणी गड्ड्यात ओततात. संघपालनं त्याले नेऊन दाखवलं की हे खोल बोअरचं मचूळ पाणी आहे, गुरंही तोंड लावत नाहीत, अन् जिथून काढलं तिथंच परत जाते. रामराव म्हणे, बरं. पारावर येऊन परत तेच म्हणे. लिलाबाईनं माह्या विहिरीवर येणं बंद केलं. हापशीवर जाते, लांब पडते, येताना माह्या दारासमोरून कळशी मिरवत जाते. मी म्हणते, या बाई चहा घ्या. म्हणते, नको, पोट भरलं. दुरूनच भरलं.

पण मी खूश आहे. तुही पोरगी दुपारी घरी येते, दोन घास खाते अन् बसल्या बसल्या झोपते, अन् झोपेतही हसते. तू लहानपणी असा झोपे का, आठवून पाह्यलं. नाही झोपे. तू कुशीवर झोपे, तोंड भिंतीकडं.

आई

सोमवार, २१ एप्रिल

हरीओम,

हनुमान जयंतीचा भंडारा चांगला झाला. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, बुंदी. बाहेरगावचे लोक कमी आले, उरलंही बरंच. ते सोड.

प्लांट बिमार पडला. चौथ्या दिवसापासून चुलीवर ज्योत पिवळी होऊन फडफडे, मंग विझे. आता चाळीसही घरी गॅस बंद आहे. बाया परत काड्या वेचून राह्यल्या. वैभवीनं मीटर लावलं तर टाकीतल्या गॅसमंधी न-जळणारा निम्म्याहून जास्त. पहिले एवढा कधीच नव्हता.

अन् रामरावनं ते ऐकलं. आता त्याचं म्हणणं असं की खाली ढकललेला वायू वर परत येऊन राह्यला, जमिनीतून झिरपून टाकीत शिरून राह्यला. "तुमचंच मीटर म्हणते," असं त्यानं पोरीच्या तोंडावर सांगतलं. ती तीन दिवस बोअरच्या तोंडापाशी मीटर धरून बसली उन्हात. तिथं काहीच येत नाही. विहिरीतही नाही. पण मंग टाकीत आला कुठून, हे काही तिले सांगता येत नाही.

नागपूरवाले म्हणतात, कारण सापडेपर्यंत खाली सोडणं थांबवा. एक मेच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे की बोअरचं तोंड सिमेंटनं कायमचं बंद करा. अन् दुसरा ठराव संघपालले काढा, कारण चौदा एप्रिलच्या भीमजयंतीच्या तयारीसाठी तो भंडाऱ्याच्या दिवशी दुपारभर मालेगावले होता, प्लांटवर कोणी नव्हतं.

काय झालं कोणाले समजत नाही. मले तर काहीच समजत नाही, मी अडाणी बाई. उन्हानं झालं असन.

आई

सोमवार, २८ एप्रिल

हरीओम,

मागच्या कागदात मी खोटं लिहिलं. उन्हानं नाही झालं.

भंडाऱ्याच्या दिवशी दुपारी दोन गंज उरले, मोठाली पातेली. एक वरणाचा, एक बुंदीचा, पाकासकट, अन् टोपलंभर रोडगे. प्रसाद उकिरड्यावर टाकता येत नाही, पायदळी येते. गुराइले घालावं तर मागच्या साली हिरीबाईची गाय भंडाऱ्याचं अन्न खाऊन फुगून मेली, तेव्हापासून गावानं ते बंद केलं. नाल्याले पाणी नाही. मी अन् कमलीबाई गंजाजवळ बसून विचार करून राह्यलो. अन् मले सुचलं. कमलीबाईले म्हटलं, प्लांटच्या हौदात शेण जाते. शेण पवित्र. तिथं टाकलं तर पायदळी येणार नाही. अन् खरं सांगू, मले वाटलं, ते बिचारं रोज शेण अन् कुटारच खाते, एक दिवस त्यालेही गोड होऊ दे. गावातले सगळे जेवले, तेच उपाशी काहून?

कमलीबाईच्या बैलबंडीवर गंज चढवले, दोन फेऱ्या केल्या, हौदात ओतलं, वरून नारळाचं पाणीही शिंपडलं. संघपाल नव्हता. असता तर हात धरला असता, जसा सोडा चाखताना धरला होता.

चौथ्या दिवशी ज्योत पिवळी झाली तेव्हाच मले बुंदी आठवली. पण बोलली नाही. कमलीबाई म्हणे, कोणाले सांगू नको, आपोआप बरं होईन. नाही झालं. परवा वैभवी बोअरवरून आली, पायातली चप्पल न काढता उंबऱ्यावर बसली. मी तुरीची डाळ निवडून राह्यली होती. ती म्हणे, "मंग हा आला कुठून, आजी? रामरावआजोबांचंच खरं असेल का? मी चुकले असेन का?" अन् मी सुपाकडं पाहून म्हटलं, "मले काय माहीत माय."

असं म्हटलं मी, हरीओम. ह्या तोंडानं.

काहून लपवलं ते विचारशील. सगळं गाव म्हणते, गोजराबाई नातीच्या मागं हिंडते, प्लांटची जशी मालकीणच. अन् मालकिणीनंच त्याले मारलं, असं झालं असतं. अन् वैभवीले वाटलं असतं, म्हाताऱ्या अडाणी बाईले घरात ठेवलं तर असंच होते. मले तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. पण मी लपून राह्यली तर बोअर बंद होते अन् संघपालचं काम जाते. दोन पोरी आहेत त्याच्या, रत्नमाला अन् लहानी. मोठी बारावीत.

म्हणून गुरुवारी ग्रामसभेत सांगणार. तुले आधी लिहून राह्यली, म्हणजे मले मागं फिरता येणार नाही. हा कागद सकाळीच डाकेत टाकते.

आई

शनिवार, ३ मे

हरीओम,

सांगतलं.

शाळेच्या व्हरांड्यात सभा होती. रामरावनं ठराव वाचला, अमरसिंगनं अनुमोदन देलं. अमरसिंग आता सरपंच आहे, तुले माहीत नसन. हात वर करा म्हणत होता तेवढ्यात मी उठली. बायाइकडून कोणी उठत नाही तिथं, म्हणून सगळ्याइनं माना वळवल्या. रामराव म्हणे, "वैनी, तुमाले काय झालं? बसा."

म्या म्हटलं, "टाकीत बुंदी आहे."

कोणाले काही समजलं नाही. मंग पुरं सांगतलं. दोन गंज, टोपलंभर रोडगे, पाकासकट. कमलीबाई मागच्या भिंतीले टेकून होती, तीही पुढं येऊन म्हणे, बंडी माही होती. तिनं असं करायची गरज नव्हती. तिच्या डोळ्यात पाणी होतं अन् चेहऱ्यावर असा आव की जशी बंडी नाही, विमानच होतं तिचं.

मंग वैभवी उठली. तिचं तोंड मी पाह्यलं नाही, माही हिंमत नव्हती. पण आवाज ऐकला अन् तो आवाज रडका नव्हता. ती भराभर सांगाले लागली, की एवढी साखर एकदम गेली तर टाकीचं पोट आंबते, जळणारा गॅस बनवणारे जिवाणू मरगळतात, अन् न-जळणारा तेवढा बनत राह्यते. म्हणजे तो टाकीतच तयार झाला. खालून आला नाही. बोअर साबूत आहे. हे तिनं तीनदा सांगतलं, तिसऱ्यांदा हसत. सकाळी टाकीतलं पाणी काढून आंबटपणा तपासायची कागदाची पट्टी बुडवून दाखवते म्हणे, ज्याले यायचं त्यानं या.

रामराव हटणारा माणूस नाही. तो म्हणे, बुढी नातीले वाचवाले बोलते. मी म्हटलं, रामराव, नातीले वाचवायचं असतं तर बारा तारखेपासून रामनामच लिहिलं असतं, तुमच्यासमोर उभी राहून स्वतःचं नाक कायले कापलं असतं? लोक हसले. तो हसला नाही, पण बसला. ठराव पुढच्या सभेवर गेला. रामरावनं अट टाकली, तोवर माह्या विहिरीचं पाणी दर सोमवारी सगळ्याइसमोर तपासायचं अन् पहिला पेला मी प्यायचा. म्या म्हटलं, मी तर रोज पिते, तुमी सोमवारी येऊन पाहा.

संघपाल सभा संपल्यावर माह्याजवळ आला. मी हात जोडले. तो म्हणे, "काकू, पंधरा दिवस मी एकेक कॉक उघडून पाह्यला. रात्री झोपलो नाही. तुमी मले एकटीनं येऊन सांगतलं असतं तरी चाललं असतं." म्या म्हटलं, हो. हे त्यानं माफ केलं की नाही ते मले अजून माहीत नाही. मंग तो म्हणे, उद्यापासून टाकीले उपास, अन् चुना भिजवा लागन.

घरी आल्यावर वैभवीनं हातपाय धुतले. भाकर मागितली. दीड खाल्ली. मंग पाठमोरी होऊन म्हणे, "आजी, प्लांटला काय खायला घालायचं ते आता मला विचारायचं." मी हो म्हटलं. तेवढंच.

आई

सोमवार, १६ जून

हरीओम,

पंधरा दिवस उपास, थोडा थोडा चुना, मंग ताजं शेण अर्धी अर्धी पाटी, जशी बाळंतिणीले पेज देतात. ते काम म्याच केलं, संघपालच्या देखरेखीत. हौदाजवळ उभी राहून पाटी त्याले दाखवे, तो मान हलवे, मंग टाके. एकोणीस मेले ज्योत निळी झाली. पहिल्यांदा लिलाबाईच्या घरी पेटली, तिची चूल पाइपाच्या सुरुवातीले आहे. तिनं दारात येऊन मले बोलावलं, चहा पाजला, अन् दुसऱ्या दिवसापासून माह्या विहिरीवर यायले लागली. म्हणते, हापशीचं पाणी खारट लागते. एप्रिलमंधी लागत नव्हतं वाटते.

सात सोमवार झाले. विहिरीचं पाणी सातही वेळा जसंच्या तसं. पहिला पेला मी पिते, दुसरा आता रामराव मागून घेते, सांगाले की तपासून राह्यलो. नागपूरवाले येऊन गेले, टाकीच आंबली होती हे त्याइनंही मानलं, बोअर परत सुरू झाला. काल पाइपाले कान लावून आली.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. तुह्या बायकोचा, वर्षाराणीचा फोन आला होता. ती म्हणे, आई, तुमचा बुंदीचा कागद त्याइनं मोठ्यानं वाचला, हसता हसता ठसका लागला, मंग बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राह्यले. हे ऐकून मले एवढं बरं वाटलं की तिले पुढं बोलूच देत नव्हती. पण ती बोलली. म्हणे, गॅलरीतून आल्यावर ते म्हणाले, आई आहे तोवर चालू दे, मंग ते वावर माह्याच नावानं येईन, पहिल्या दिवशी बोअरचं तोंड बुजवून टाकीन. वर्षाराणीवर रागवू नको. तिनं मले सांगतलं कारण वैभवी तिचीही पोरगी आहे.

तू बोलला ते करशील, हे मले ठाऊक आहे. तू बोललेलं सगळं केलं आजपर्यंत. अन् मी चौऱ्याहत्तरची आहे. वैभवीले म्या विचारलं, माय, खाली गेलेला वायू पुरा दगड व्हाले किती दिवस नजर ठेवा लागन? ती म्हणे, काही वर्षं तरी, अन् विहिरीवर त्याहून जास्त. म्हटलं, मी तेवढी पुरणार नाही. तिनं भांडे घासाले घेतले. हो म्हणाले तिले जड जाते.

म्हणून शुक्रवारी मालेगावले गेली. माहेरचं वावर वैभवीच्या नावानं बक्षीसपत्र करून देलं, विहिरीसकट, बोअरसकट. माह्या बापानं पोरीले देलं, म्या नातीले देलं. साहेब तेच होते. ह्या वेळी त्याइनं पॅड काढलंच नाही, पेनच पुढं केला. वैभवी नको नको म्हणे, बाबा काय म्हणतील. मी म्हटलं, बाबाले मी सांगते.

तर सांगून राह्यली. विचारून नाही. तुहा माळ तुह्या नावानं आहे, घर तुह्या नावानं होईन, तुहं काही कमी केलं नाही. पण जे जमिनीत कायमचं ठेवलं त्यावर कोणी कायम लक्ष ठेवणारं पायजे, अन् ते तू नाही. आजतरी नाही. हे म्या वकिलाले सांगतलं नाही, तुलेच सांगते.

तुले राग येईन. यायलाच पायजे, माय असून तुले न विचारता केलं. पण तो राग रामरावच्या फोनवर पाठवू नको अन् गॅलरीतही उभा राहून काढू नको. मालेगावहून आठची गाडी सुटते, संघपाल फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा राह्यन, म्या त्याले सांगून ठेवलं. सोमवारी ये. रागवायचं असन तर घरी येऊन रागव, पोरीसमोर, माह्यासमोर. जेवून रागव.

तुही माय,
गोजराबाई मारोतराव